गुडघ्याची गादी फाटलीय का? आधी हात, मग एमआरआय

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातली "म्हणजे", "बघा" थोडी कमी केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा एपिसोड गुडघ्यावर आहे. पाठदुखीवाल्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त मेसेज गुडघ्याबद्दल आले, आणि ते साधारण दोन प्रकारचे होते. एक, "रील बघून घरी टेस्ट केली, दुखलं, म्हणजे माझी गादी फाटली का?" दुसरा, "एमआरआय केला, रिपोर्टमध्ये टेअर लिहिलंय, ऑपरेशन करू का?" मधला टप्पा, म्हणजे कुणीतरी डॉक्टरने गुडघा हातात धरून नीट तपासला, तो फार कमी जणांच्या मेसेजमध्ये होता. म्हणून आज त्या मधल्या टप्प्याबद्दलच बोलूया.

मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण गेल्या वर्षी माझ्या जवळच्या दोन माणसांचे गुडघे एकापाठोपाठ बिघडले, एक आईचा आणि एक मित्राचा, आणि दोघांच्या बाबतीत निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा मी मिळेल ते वाचत सुटलो. शिवाय "टेस्ट पास झाली म्हणजे काय सिद्ध झालं?" हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण आपल्याकडे गोंधळ तिथूनच सुरू होतो. "वाटी झिजली", "गादी घासली", "गादी फाटली" हे सगळं आपण एकाच अर्थाने म्हणतो. वाटी म्हणजे पुढचं गोल हाड, जे हाताला लागतं. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो ती सांध्याची कूर्चा. ती हळूहळू झिजते, त्याला आपण संधिवात किंवा आर्थ्रायटिस म्हणतो. आणि मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मध्ये रबरी वॉशरसारख्या दोन चकत्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. त्यांना मेनिस्कस म्हणतात. आज आपण "गादी" म्हणू ती हीच. मणक्यातली गादी वेगळी. तिचा इथे काही संबंध नाही.

ही गादी वजन पसरवून घेते. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आत जाल तसा तो संपतो. म्हणून कडेला फाटली तर शिवता येते आणि भरून येऊ शकते, आतल्या भागात फाटली तर ती शक्यता कमी. हे लक्षात ठेवा, मित्राच्या गोष्टीत लागेल.

फाटते कशी? तरुण माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच प्रकार असतो: पाय जमिनीवर रुतलेला, गुडघा थोडा वाकलेला, आणि वरचं शरीर फिरतं. डोंबिवलीत, ठाण्यात आता गल्लोगल्ली टर्फ झालेत. रात्री दहा ते बारा स्लॉट, ऑफिसमधून लोकलने उभ्याने आलेले आपण, वॉर्मअप नाही, पायात स्टड, आणि कृत्रिम गवत बूट सोडत नाही. बूट जागेवर आणि आपण रन घ्यायला वळलेले. कबड्डीत घोटा धरला की तेच. चालू गाडीतून प्लॅटफॉर्मवर उतरताना पाय टेकला आणि गर्दीने शरीर फिरवलं की तेच. मोठ्या खेळाडूंचंही तसंच. आपल्या बीडचा अविनाश साबळे, स्टीपलचेसवाला, जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीपाशी पडला, तेव्हा त्याचं एसीएल लिगामेंट आणि मेनिस्कस दोन्ही दुखावलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

वयस्कर माणसांचं प्रकरण निराळं. तिथे अनेकदा पडणं-बिडणं काहीच नसतं. गादी जुन्या पायपुसण्यासारखी विरत जाते आणि एखाद्या दिवशी उकिडवं बसून उठताना कळ येते. दोन्ही रिपोर्टमध्ये शब्द मात्र एकच येतो: टेअर. माझ्या मते अर्धा घोळ या एका शब्दाने केलाय.

आता तपासणी. टेस्टच्या आधी गोष्ट असते, आणि चांगला डॉक्टर आधी गोष्टच विचारतो. कसं झालं? तेव्हा आवाज आला का? सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी? हा प्रश्न फार कामाचा. तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचल्याची शक्यता जास्त, आणि मग एसीएलसारख्या लिगामेंटचा संशय येतो. नुसती गादी फाटली असेल तर सूज बहुतेकदा हळूहळू, रात्रभरात येते. मग विचारतात, गुडघा अडकतो का? म्हणजे दुखतं म्हणून सरळ करत नाही असं नव्हे, सरळ होतच नाही, आत काहीतरी आडवं आल्यासारखं. जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना? मांडी घालता येते का? देशी संडासात बसता येतं का? हे प्रश्न परदेशी पुस्तकात मिळणार नाहीत, पण आपल्याकडे गुडघ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

मग बघणं. दोन्ही गुडघे उघडे करून, पँट गुडघ्याच्या वर. ट्रॅक पँटवरून गुडघा तपासणारा डॉक्टर भेटला तर मी तरी दुसरा शोधेन. चालायला लावतात. मांडीचा पुढचा स्नायू दोन्हीकडे सारखा आहे का बघतात, कारण दुखरा पाय आपण नकळत वाचवतो आणि तो स्नायू लवकर वाळतो. सूज हाताने चाचपतात. गुडघा पूर्ण सरळ होतो का, पूर्ण वाकतो का, हे चांगल्या पायाशी ताडून बघतात. चांगला पाय आधी, दुखरा नंतर. आणि एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते: गुडघा दाखवायला गेलो आणि डॉक्टर खुबा फिरवून बघतोय. त्याचं कारण असं की खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, आणि लहान मुलांत तर हे विसरून चालतच नाही.

इथवर आल्यावर मग त्या नावाच्या टेस्ट, ज्या तुम्ही रीलमध्ये बघता.

सगळ्यात साधी म्हणजे सांध्याची फट दाबून बघणं. गुडघा वाकवला की वाटीच्या दोन्ही बाजूंना, थोडं खाली, एक खाच लागते. तिथे बोटाने दाबत मागे मागे जायचं. नेमक्या त्या रेषेवर दुखलं तर गादीचा संशय. रेषेच्या वर-खाली हाडावर दुखलं तर दुसरं काही.

दुसरी मॅकमरे टेस्ट. थॉमस मॅकमरे हे लिव्हरपूलचे हाडांचे सर्जन, त्यांचा यावरचा लेख १९४२ चा. तुम्हाला पाठीवर झोपवतात, गुडघा पूर्ण दुमडतात. डॉक्टरचा एक हात गुडघ्यावर, बोटं त्या फटीवर, आणि दुसऱ्या हाताने पाऊल धरलेलं. मग पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवून गुडघा हळूहळू सरळ करतात, तेव्हा आतली गादी तपासली जाते. आतल्या बाजूला फिरवून सरळ केलं की बाहेरची. बोटाखाली खट्‌ असं जाणवलं आणि तेच दुखणं उमटलं, की टेस्ट पॉझिटिव्ह. नुसता कटकट आवाज म्हणजे पॉझिटिव्ह नाही हं. आवाज तर माझ्या दोन्ही गुडघ्यांतून येतो.

तिसरी अ‍ॅप्ली टेस्ट, १९४७ ची, अ‍ॅलन ग्रॅहम अ‍ॅप्ली या ब्रिटिश सर्जनची. ही माझी सगळ्यात आवडती, कारण ती शुद्ध डीबगिंग आहे. पालथं झोपवायचं, गुडघा काटकोनात. आधी पाय वर ओढून फिरवायचा. ओढल्यामुळे गादीवरचा दाब जातो आणि ताण लिगामेंटवर येतो. मग पाय खाली दाबून फिरवायचा. आता गादी दोन हाडांत भरडली जाते. ओढून फिरवताना दुखलं तर लिगामेंट, दाबून फिरवताना दुखलं तर गादी. एक घटक बंद करून दुसरा तपासायचा. १९४७ मध्ये, एमआरआय नावाची वस्तूच नसताना, या माणसाने फक्त दोन हात वापरून हे काढलं, याचं मला आजही नवल वाटतं.

चौथी थेसाली टेस्ट. ग्रीसमधल्या थेसाली प्रांतावरून नाव, २००५ मध्ये आली. डॉक्टरचे हात धरून एका पायावर उभं राहायचं, गुडघा साधारण २० अंश वाकवायचा आणि अंग डावी-उजवीकडे तीन वेळा फिरवायचं. फटीपाशी दुखलं किंवा अडकल्यासारखं वाटलं तर पॉझिटिव्ह. रीलमध्ये सगळ्यात जास्त हीच दिसते, कारण टेबल लागत नाही, झोपावं लागत नाही, कॅमेऱ्यात छान दिसते.

आता मुद्द्याचं. या टेस्ट किती खऱ्या?

थेसालीच्या मूळ २००५ च्या अभ्यासात अचूकता आली आतल्या गादीसाठी ९४ टक्के आणि बाहेरच्यासाठी ९६ टक्के. जबरदस्त ना? मग २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, एमआरआयशी ताडून. त्यात फॅमिली डॉक्टरांच्या हातात हीच टेस्ट ५४ टक्क्यांवर आली. मॅकमरे, अ‍ॅप्ली, फट दाबणं, सगळ्या त्याच्याच आसपास. ५४ टक्के म्हणजे जवळजवळ नाणेफेक.

टक्केवारी सोडा, माणसं मोजू. त्या ब्रिटिश अभ्यासात थेसालीची संवेदनशीलता ०.६६ आणि विशिष्टता ०.३९ होती. म्हणजे गादी खरंच फाटलेले १०० जण घेतले तर ६६ जणांत टेस्ट पॉझिटिव्ह येईल, ३४ निसटतील. आणि गुडघा दुखतोय पण गादी धड आहे असे १०० जण घेतले तर त्यातल्याही ६१ जणांत ती पॉझिटिव्हच येईल. तुम्ही घरी केली आणि दुखलं, तर तुम्ही त्या ६६ मधले की ६१ मधले, हे टेस्ट सांगूच शकत नाही. तुमचा गुडघा दुखतो, एवढंच तिने सांगितलं, आणि ते तुम्हाला आधीच माहीत होतं.

९४ वरून ५४ कसे झाले? ग्रीसचे लोक खोटं बोलले का? नाही. त्यांच्या अभ्यासात एका बाजूला २१३ जखमी गुडघ्याचे रुग्ण होते आणि दुसऱ्या बाजूला १९७ धडधाकट लोक, ज्यांना काहीच त्रास नव्हता. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल: टेस्ट डेटा फारच स्वच्छ होता. मांजराचे फोटो आणि ट्रकचे फोटो वेगळे ओळखणारं मॉडेल ९५ टक्के मारेलच, पण मांजर आणि वाघाचं पिल्लू समोर ठेवलं की बोंब. दवाखान्यात धडधाकट माणूस येत नाही. तिथे येणारा प्रत्येक गुडघा दुखराच असतो, कुणाची गादी, कुणाची वाटी, कुणाचं लिगामेंट, कुणाचा संधिवात. त्यातून गादी वेगळी काढणं हे खरं काम, आणि एकटी टेस्ट त्यात कच्ची पडते.

मग हाताने तपासणं बंदच करावं का? काही जण नेमका हाच निष्कर्ष काढतात आणि सरळ एमआरआयच्या रांगेत जातात. तो मला पटत नाही, आणि त्याला आधार आहे. २००१ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले होते. त्यात दिसलं की सुटी टेस्ट कमजोर, पण गोष्ट, सूज, हालचाल, फट दाबणं, फिरवून बघणं, लिगामेंट तपासणं हे सगळं एकत्र करून अनुभवी डॉक्टरने काढलेला अंदाज सुट्या टेस्टपेक्षा बराच चांगला असतो. एका युनिट टेस्टवर कुणी रिलीज करत नाही, सगळा सूट चालवतात, तसंच. रीलमध्ये आपल्याला सूटमधली एकच फाइल दिसते.

आता एमआरआयकडे. आणि इथे आईची गोष्ट सांगावी लागेल.

आई ५८ वर्षांची. डोंबिवली पूर्वेला जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोन महिने उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखत होता. पडली नव्हती, मुरगळला नव्हता. कुणीतरी सांगितलं म्हणून एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये आतल्या गादीच्या मागच्या टोकाला टेअर. एका खासगी हॉस्पिटलमध्ये दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलं, तारीखही सुचवली. आई खुर्चीत बसलेली होती, साडी गुडघ्याच्या वर गेलीच नाही. पाच मिनिटांत बाहेर. आई घाबरली होती, बाबा मेडिक्लेमचे कागद शोधायला लागले होते.

त्या रात्री मला एक अभ्यास सापडला, २००८ चा, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा. तिथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. गुडघा दुखतो म्हणून निवडलेले लोक नव्हते, गावातले साधे लोक. पन्नाशीतल्या बायकांपैकी १९ टक्क्यांची गादी फाटलेली किंवा झिजून गेलेली होती. सत्तरीच्या पुढच्या पुरुषांत ५६ टक्के. आणि ज्यांची फाटलेली होती त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणजे त्यांना माहीतही नव्हतं.

याचा अर्थ कळतोय ना? एमआरआय खोटं बोलत नाही. फाटलंय तर फाटलंय. पण ते फाटलेलंच दुखतंय का, हे फिल्मवर लिहिलेलं नसतं. पन्नाशीनंतर गादीतली चीर ही बऱ्याच अंशी पांढऱ्या केसांसारखी असते. फिल्मवरची चीर आणि माणसाचं दुखणं यांची सांगड घालायचं काम हाताने तपासणंच करतं. म्हणून ते आधी हवं.

आम्ही ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी आईला चालायला लावलं, मग टेबलावर घेतलं. वीसेक मिनिटं. गुडघा पूर्ण सरळ होत होता. अडकत नव्हता. सूज किंचित. फटीवर दुखत होतं, पण वाटीखालीही दुखत होतं. मांडीचा स्नायू उजवीकडे डोळ्याला दिसेल इतका बारीक झाला होता. आईला त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं सगळ्यात मोठं काम कोणतं अडतं?" आई म्हणाली, "जिना उतरणं." मग ते म्हणाले, आधी तीन महिने व्यायाम, फिजिओकडे जाऊन शिकून, रोज. फरक पडला नाही तर पुन्हा बोलू.

हा त्यांचा एकट्याचा मूड नव्हता. फिनलंडमध्ये एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण, आतली गादी झिजून फाटलेली, संधिवात नाही. निम्म्यांची खरंच दुर्बिणीने फाटलेली गादी कापली. उरलेल्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, दुर्बीण घालून बघितलं, पण कापलं काहीच नाही, नुसता कापल्याचा अभिनय. कुणाचं काय झालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. एका वर्षाने दोन्ही गट सारखेच बरे. नंतर २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तर झिजेच्या गुडघ्यात जवळजवळ सगळ्यांसाठीच दुर्बिणीचं ऑपरेशन नको असं स्पष्ट म्हटलं.

आणि गादी कापणं फुकट नसतं. एके काळी ती निरुपयोगी समजून पूर्ण काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने अशा लोकांचे एक्स-रे बघून दाखवलं की गादी काढल्यावर हाडांत बदल होतात, सांध्याची फट कमी होते. काढलेलं परत येत नाही.

आईचं सांगतो. तीन महिने तिने कुरकुर करत व्यायाम केला. जिना आता कठडा न धरता उतरते. उकिडवं बसलं की अजून दुखतं, त्यामुळे कमोडची खुर्ची आणली. ऑपरेशन झालं नाही. गादी अजून फाटलेलीच असणार, पुन्हा एमआरआय आम्ही केलाच नाही.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सगळ्यांना व्यायामच सांगतोय.

माझा मित्र, २६ वर्षांचा, कल्याणला राहतो. टर्फवर वळताना गुडघ्याला पीळ बसला. सकाळी सूज. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड ठीक, "मुका मार आहे", क्रेप बँडेज आणि गोळ्या. तो आठवडाभर लंगडत ऑफिसला गेला, कल्याण ते घाटकोपर, जिने चढत. मला भेटला तेव्हा सोफ्यावर पाय पसरून बसला होता आणि एका गुडघ्याखाली हात सहज जात होता, दुसऱ्याखाली जात नव्हता. म्हणजे दुखरा पाय पूर्ण सरळ होतच नव्हता. मी म्हटलं, दाबून सरळ कर. तो म्हणाला, "अरे होत नाही, आत काहीतरी अडलंय."

एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही. हाड दिसतं. एक्स-रे नॉर्मल म्हणजे फ्रॅक्चर नाही, एवढाच अर्थ. पण गुडघ्याखाली हात घालून बघायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. नंतर हाडांच्या डॉक्टरांनी तेच पहिल्या मिनिटात पकडलं: शेवटचे काही अंश सरळ होत नाहीत, स्प्रिंगसारखं परत येतं. त्यांनी मॅकमरे जोर लावून केलीच नाही. म्हणाले, गरज नाही, लॉक झालाय. इथे एमआरआय लगेच, आणि त्यात गादीचा मोठा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मध्ये अडकलेला निघाला. चीर कडेला होती, म्हणजे रक्तपुरवठ्याच्या भागात. टाके घालून शिवली. कापली नाही. अशा केसमध्ये महिनोन्‌महिने थांबलं तर तुकडा चुरगळतो आणि शिवायची संधी जाते.

बघा, दोघांच्या रिपोर्टमध्ये शब्द एकच, टेअर. एकीला थांबा, दुसऱ्याला पळा. आणि दोघांच्या बाबतीत हे ठरलं ते गुडघा सरळ होतो की नाही या साध्या तपासणीवर.

एक्स-रेवरून आठवलं, तोही सगळ्यांना लागत नाही. कॅनडात १९९५ मध्ये ओटावा नियम म्हणून बनवले, गुडघ्याला मार लागल्यानंतर एक्स-रे कधी काढावा याचे. वय ५५ किंवा जास्त, किंवा फक्त वाटीवर दाबलं तर दुखतं, किंवा गुडघ्याच्या बाहेर खाली जो हाडाचा उंचवटा असतो तो दुखतो, किंवा गुडघा ९० अंश वाकत नाही, किंवा चार पावलं वजन टाकून चालता येत नाही. यातलं एकही असेल तर एक्स-रे. नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी.

घरी टेस्ट करायच्या का? मॅकमरे आणि अ‍ॅप्ली तर नकोच, कुणाकडून जोर लावून पाय पिळून घेऊ नका. खरंच फाटलेला तुकडा असेल तर तो सरकून अडकू शकतो. थेसालीत एका पायावर फिरताना पडाल, ते वेगळंच. बघायचंच असेल तर एवढं बघा: पाय पसरून बसल्यावर दोन्ही गुडघे सारखे सरळ होतात का, सूज आहे का, चार पावलं चालता येतं का. गुडघा अडकला असेल, वजन टाकताच येत नसेल, तास-दोन तासांत फुगला असेल, किंवा गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. शेवटचं तर गादीचं प्रकरणच नसतं, ते सांध्यातलं इन्फेक्शन असू शकतं.

कुठे दाखवायचं? बरेच जण विचारतात, खासगी परवडत नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे ठाणे महापालिकेचं, आणि त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. रांग मोठी असते, सुट्टी टाकून सकाळी जावं लागतं. पण शिकवणारं हॉस्पिटल असण्याचा एक फायदा मला वाटतो: तिथे शिकणाऱ्या डॉक्टरांना हाताने तपासायला लावतात, कारण परीक्षेत तेच विचारतात. डोंबिवलीत शास्त्रीनगर आणि कल्याणला रुक्मिणीबाई ही कल्याण-डोंबिवली महापालिकेची रुग्णालयं आहेत. काय उपलब्ध आहे ते आधी चौकशी करून जा.

जाताना हाफ पँट घाला, किंवा पायजमा सहज वर जाईल असा. गोष्ट दोन वाक्यांत तयार ठेवा: कसं झालं, सूज कधी आली, अडकतो का. आणि एमआरआय लिहून दिला तर एक प्रश्न नम्रपणे विचारा: "डॉक्टर, यात काय निघालं तर उपचार बदलेल?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. ऑपरेशन सांगितलं तर दुसरा विचारा: "कापणार की शिवणार?" या एका प्रश्नाने आमच्या मित्राच्या आईला निम्मं ऑपरेशन समजलं.

तुमच्या गुडघ्याचे रिपोर्ट मला पाठवू नका, खरंच. मला ते वाचता येत नाहीत आणि वाचून उपयोगही नाही, गुडघा माझ्यासमोर नसतो. प्रश्न मात्र पाठवा. पुढच्या एपिसोडला एक फिजिओथेरपिस्ट येणार आहेत, आई जे व्यायाम करते त्यातले कोणते बसल्या जागी ऑफिसमध्ये करता येतील ते त्यांनाच विचारू. भेटूया.